फोर्कलिफ्टच्या किमतीत कामगाराचा जीव धरला काय?

१ जानेवारी २०२३. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अनुयायी मानवंदना देत होते, त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ मुंढेगावचा पॉलिफिल्म कारखाना पेटला. महिला कामगारांचा बळी गेला. ती आग फोर्कलिफ्टने लागली असे आम्ही म्हणत नाही. पण कारखाना पेटला की मरतो तो कामगारच, हे तिने पुन्हा दाखवून दिले.

म्हणून सातपूर-अंबडच्या कामगार बांधवांना आमचा साधा सवाल आहे. थिनर, रंग, सॉल्व्हंटच्या गोदामात फिरणारी फोर्कलिफ्ट कोणती? साध्या गाडीच्या मोटारीत, स्विचमध्ये ठिणगी उडते. डिझेल गाडीचा सायलेन्सर तापतो. लोखंडी फोर्क फरशीला घासला तरी ठिणगी पडते. हवेत वाफ साचली असेल तर एवढे पुरेसे आहे. अशा जागेसाठी ज्वालारोधक यंत्रणेची, फोर्कना पितळी आवरण असलेली गाडी मिळते. ती महाग पडते, एवढेच तिचे पाप!

आठवड्याचे कामाचे तास ४८ वर आणणारे विधेयक डॉ. बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४६ साली मांडले. कामगाराचे आयुष्य मालकाच्या मर्जीवर सोडायचे नसते, हाच त्याचा अर्थ. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३७ नेही स्फोटक वायू व धुळीजवळ ठिणगीची साधने नकोत किंवा ती बंदिस्त हवीत, असे बजावले.

तेव्हा नवी गाडी घेण्याआधी तिचे प्रमाणपत्र कोणत्या झोनचे आहे, हे सुरक्षा समितीत विचारा. कंत्राटी ड्रायव्हरलाही त्या बैठकीत बसवा. जीव त्याचा, तर जाब विचारण्याचा हक्कही त्याचाच!