लाकडाची ओळख टोकाकडून

बडोद्याच्या गोरव्यातल्या बीआयडीसी औद्योगिक वसाहतीत यंत्रं येतात ती लाकडी खोक्यांतून नाहीतर पॅलेटवरून. यंत्र बसलं की लाकूड भंगारात जातं. ते उचलून घरी मांडणी करणारे हौशी लोक असतात, तसे जुन्या वाड्यांच्या तुळया विकत घेणारेही. दोघांचा प्रश्न एकच: हे लाकूड कुठलं? बहुतेक जण रंग बघून सांगतात. रंग शेवटी बघावा. तो उन्हाने बदलतो, आणि पॉलिशवाला आंब्याचं शिसव करून देतो. संखेड्याच्या खुर्चीत आत साग असतो, पण लाखेच्या रंगाखाली तो ओळखू येत नाही.

फळीवरच्या रेषाही फसव्या. एकाच ओंडक्याची फळी मधोमध कापली तर रेषा सरळ उभ्या येतात, कडेने कापली तर कमानी उमटतात. म्हणून बघायचं ते फळीचं टोक, जिथे खोड आडवं कापलं गेलंय. करवतीने तिथले तंतू फाटलेले असतात. धारदार पात्याने नखाएवढी जागा तासून घ्या, ओलं बोट फिरवा आणि दहापट भिंग डोळ्याजवळ धरा.

पहिला प्रश्न: छिद्रं आहेत का? नसतील तर लाकूड पाइन, देवदार या सूचिपर्णी कुळातलं. पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो, तोही वाचावा. त्यात देशाची दोन अक्षरं असतात. न्यूझीलंडची असतील तर ते बहुधा रेडियाटा पाइन. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नये.

छिद्रं दिसली तर त्यांची मांडणी बघा. सागात प्रत्येक वार्षिक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारी, आणि पुढे छिद्रं बारीक होत जातात. शिसमात अशी ठळक ओळ नसते, छिद्रं विखुरलेली असतात. फळीच्या अंगावर तिरका उजेड पाडला तर बारीक आडव्या लहरी दिसतात. हेद इतकं बारीक पोताचं की छिद्रं भिंगाशिवाय सापडत नाहीत.

मग वजन, वास आणि हात. वाळलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो, शिसम त्याहून जड. साग ताजा तासला की तेलकट लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. बिबळ्याची परीक्षा सगळ्यांत गमतीची: भुसा पाण्यात टाका, पाणी पिवळसर होतं आणि उन्हात धरलं की त्यावर निळी झाक येते.

आता रंग. तोही गाभ्याचा, नव्याने तासलेल्या जागेचा. सालीलगतचं लाकूड बहुतेक झाडांत फिकटच असतं. हेद पिवळं, साग सोनेरी तपकिरी, शिसव जांभळट काळं.

एवढ्यावर बहुतेक वेळा झाडाचं कुळ कळतं, नेमकी जात दर वेळी नाही. तिच्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप बघावा लागतो, ते काम देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत होतं. आणि दुकानदार ‘बर्मी साग’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर लक्षात ठेवा: बर्मी आणि वलसाडी साग भिंगाने वेगळे करता येत नाहीत. म्यानमारने 2014 च्या एप्रिलपासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. तेव्हा त्याच्याकडे आधी कागद मागावेत.