वजन उतरविणारी इंजेक्शने : मात्रा वाढविताना घ्यावयाची काळजी

व्यापाऱ्याचे जीवन बैठे असते, हे सांगावयास वैद्याची गरज नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री वही मिटेपर्यंत गादी सुटत नाही. जेवणाची वेळ गिऱ्हाइकाच्या सोयीने ठरते, आणि फरसाणाची बशी व चहाचा पेला हातापासून फारसे दूर नसतात. या राहणीचे फळ आपल्या प्रदेशास मिळालेलेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे प्रमाण साऱ्या देशात शेकडा ११.४, तर गोव्यात शेकडा २६.४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, आढळले. पेडणे व डिचोली या महालांतील आमचे व्यापारी बंधू या आकड्याबाहेर असतील, असे मानण्यास काहीही आधार नाही.

अशा स्थितीत वजन उतरविणाऱ्या आठवडी इंजेक्शनांची वार्ता पेठेत पसरावी, यात नवल नाही. टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये, व सेमाग्लुटाइड हे ‘वेगोवी’ या नावाने जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. ही औषधे घ्यावीत की न घ्यावीत, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावा. आम्ही वैद्य नाही. परंतु ज्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही इंजेक्शने सुरू केली आहेत, त्यांपैकी अनेकांना मात्रा वाढविण्याच्या वेळी त्रास होतो. काही जण घाबरून औषध सोडतात, तर काही जण घाईने मात्रा चढवून आजार ओढवून घेतात. या दोहोंमधील मार्ग कोणता, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ही औषधे काय करतात?

आपण जेवलो की आतड्यातून ‘जीएलपी-१’ नावाचे एक द्रव्य रक्तात उतरते. ते मेंदूस ‘पुरे झाले’ असा निरोप देते, जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते आणि साखर वाढली असता इन्सुलिन स्रवण्यास साहाय्य करते. शरीरातील हे द्रव्य काही मिनिटांतच नाहीसे होते. सेमाग्लुटाइड त्याच्यासारखेच वागते. मात्र ते आठवडाभर टिकते. टिर्झेपटाइड त्याच्या जोडीस ‘जीआयपी’ या दुसऱ्या द्रव्याचेही काम करते.

यावरून त्रासाचे मूळ ध्यानात येईल. जठर सावकाश रिकामे होऊ लागले, पण हाताची सवय जुनीच राहिली, म्हणजे पोट जड होणे, मळमळ, आंबट ढेकर, ओकारी, कोणास जुलाब तर कोणास मलावरोध, हे सर्व ओघानेच येते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ४४ जणांस मळमळ झाली. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांतही ती शेकडा १७ जणांस झालीच. परंतु पोटाच्या त्रासामुळे ज्यांना औषध सोडावे लागले, ते शेकडा पाचांहूनही कमी होते. बहुतेकांचा त्रास सौम्य वा मध्यम होता आणि काही काळाने ओसरला. ६८ आठवड्यांच्या अखेरीस त्यांचे वजन सरासरीने शेकडा १५ च्या आसपास उतरले. मात्र या मंडळींनी मात्रा पायरी-पायरीने वाढविली होती, हे विसरता कामा नये.

मागील बाकीचा हिशेब

वेगोवीची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते. चार आठवड्यांनी ०.५, मग १, मग १.७ आणि अखेर २.४ अशा पायऱ्या आहेत. मौंजारो २.५ मिलिग्रॅमने सुरू होते. चार आठवड्यांनी ५, आणि पुढे गरज असल्यास प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे थांबून २.५ ची वाढ, कमाल १५ पर्यंत. हे चार आठवडे कशासाठी, याचा उलगडा जमाखर्चाच्या वहीने चांगला होतो.

सेमाग्लुटाइडचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. म्हणजे दुसरे इंजेक्शन घ्यावयाच्या दिवशी पहिल्याची निम्मी बाकी शिल्लक असते. पहिल्या आठवड्यास जमा ०.२५, दुसऱ्यास निम्मी बाकी धरून सुमारे ०.३८, तिसऱ्यास ०.४४, चौथ्यास ०.४७. त्यानंतर त्याच मात्रेवर जमा जवळजवळ स्थिर होते. हा हिशेब स्थूल आहे, पण त्याचा बोध पक्का आहे. पहिल्या इंजेक्शनानंतर ‘मला काहीच झाले नाही’ असे म्हणणारा मनुष्य खाते पुरते लिहून होण्यापूर्वीच ताळेबंद मांडीत असतो.

आमच्या परिचयाच्या एका स्नेह्यांनी नेमके हेच केले. दोन आठवड्यांत त्रास नाही आणि वजनही विशेष हलले नाही, म्हणून त्यांनी कोणास न विचारता तिसऱ्या आठवड्यास एकदम १ मिलिग्रॅमची मात्रा घेतली. जेथे ०.४४ जमा व्हावयाची, तेथे १.१९ झाली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. पुढील तीन दिवस त्यांच्या पोटात पाणीही ठरेना, आणि शेवटी शिरेतून सलाईन द्यावे लागले. घरच्यांना इंजेक्शनाची कल्पनाच नव्हती. त्यामुळे डॉक्टरांना काय सांगावे, हेही कोणास कळेना. एकदा घेतलेली मात्रा परत करता येत नाही. ती आठवड्यागणिक निम्मी होत होतच जाते. म्हणून घेण्यापूर्वीच विचार करावा आणि निदान घरातील एका मनुष्यास तरी सांगून ठेवावे.

पायरी चढणे सक्तीचे नाही

पुष्कळांची अशी समजूत असते की, कोष्टकात चार आठवडे लिहिले आहेत, तेव्हा पाचव्या आठवड्यास मात्रा वाढविलीच पाहिजे. तसे नाही. चार आठवडे ही कमीत कमी मुदत आहे. मळमळ चालू असेल, अन्नपाणी पुरेसे जात नसेल, तर डॉक्टर त्याच पायरीवर आणखी काही आठवडे थांबवितात, प्रसंगी एक पायरी खालीही आणतात. कमी मात्रेवर वजन उतरत असेल, तर वरच्या मात्रेचा हव्यास कशाला? इंजेक्शने दोन वा अधिक आठवडे चुकली असतील, तर जुन्याच मोठ्या मात्रेवर परस्पर परतू नये. बाकी उतरलेली असते, आणि पुन्हा खालून आरंभ करावा लागण्याचा संभव असतो.

मापाचीही दक्षता हवी. मिलिग्रॅम हे औषधाचे वजन आहे. इन्सुलिनच्या सिरिंजवरील युनिट हे निराळे माप. एकास दुसरे समजणे म्हणजे किलोच्या भावाने मण तोलून देण्यासारखे आहे. औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये, पक्के बिल घ्यावे. न उघडलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, पण गोठू देऊ नये. म्हापशाहून आणलेले पेन वैशाखाच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून डिचोलीच्या बाजारात काम उरकीत बसणे योग्य नव्हे.

आहार व दिनक्रम

मात्रा वाढविल्यानंतरचे दोन-तीन दिवस बहुधा अधिक त्रासाचे असतात. म्हणून वार विचारपूर्वक निवडावा. ज्यांचा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार चुकत नाही, त्यांनी गुरुवारी नवी मात्रा घेऊ नये. ज्या दिवसांपुढे दगदग कमी, तो दिवस ठरवावा.

जेवण नेहमीच्या निम्मे वाढून घ्यावे, सावकाश चावून खावे आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात धुवावा. भजी, पुऱ्या, तुपाची मिठाई, खोबऱ्याचे दाट वाटण, हे पदार्थ मुळातच जठरात रेंगाळतात. त्या दिवसांत ते टाळावेत. उकड्या तांदळाची पेज, मुगाचे कढण, मऊ भात, पातळ ताक, हे आपल्या घरचेच पथ्य येथे उत्तम. आले वर्ज्य असणाऱ्यांपैकी काहींना चिमूटभर सुंठीने मळमळीस आराम वाटतो. पाणी एकदम न पिता घोट-घोट, पण दिवसभर प्यावे. जुलाब वा ओकारी झाल्यास जलसंजीवनी घ्यावी. मलावरोध असल्यास भाज्या, फळे, पाणी व चालणे यांवर भर द्यावा. इसबगोल घ्यावयाचे तर पाणी भरपूर हवे.

भूक मंदावली म्हणून केवळ चहा-बिस्किटावर दिवस काढणे घातक आहे. वजनाबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारी मनुष्याने मूग, चणे, मसूर, दूध, दही, पनीर यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात घ्यावे, आणि तेच प्रथम खावे.

सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आपला रिवाज येथे आपोआप उपकारक ठरतो. भरल्या पोटी आडवे झाल्याने येणारी आंबट ढेकर त्यामुळे टळते. उपवासाची गोष्ट मात्र वेगळी. पाण्यावाचून उपवास आणि वाढविलेली मात्रा यांची गाठ पडली, तर शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडावर ताण येण्याचे भय असते. जे मधुमेही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांची साखर एकाएकी खाली जाऊ शकते. म्हणून पर्युषणाच्या तोंडावर मात्रा वाढवू नये. तपाचा संकल्प असेल, तर काही आठवडे आधीच डॉक्टरांस स्पष्ट सांगून औषधाची व्यवस्था लावून घ्यावी.

धोक्याची चिन्हे

पुढील लक्षणे ‘सवयीने जातील’ म्हणून अंगावर काढू नयेत : पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीकडे जाणारी तीव्र कळ, कारण तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो, उजव्या बरगडीखाली दुखून ताप वा डोळ्यांस पिवळेपणा, जे पित्ताशयातील खड्यांचे चिन्ह असू शकते, दिवसभर पाणीही न ठरणे, लघवी अगदी कमी होणे, उभे राहताच अंधारी येणे, घाम, थरथर, भ्रम, तसेच दृष्टीत अचानक फरक. अशा वेळी पुढील इंजेक्शन न घेता जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीस जावे; १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस या औषधाची माहिती अवश्य द्यावी, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते. ज्यांच्या कुटुंबात मेड्युलरी जातीचा थायरॉइडचा कर्करोग झालेला आहे, त्यांनी, तसेच गर्भवती भगिनींनी, ही औषधे घेऊ नयेत.

शेवटी एक गोष्ट. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा बराच भाग परत येतो, असे पाहणीत दिसून आले आहे. तेव्हा हा एका हंगामाचा सौदा नव्हे. पुष्कळ वर्षे चालवावयाचा व्यवहार आहे. अशा व्यवहारात पहिल्या महिन्यातच मोठी उलाढाल करणारा नव्हे, तर बाकी पाहून पुढचा माल उचलणारा टिकतो. शरीराची वहीही तशीच वाचावी; आणि ती वाचता येत नसेल, तेथे जाणत्यास दाखवावी, एवढीच आमची आपल्या बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.