फ्लूटच्या चाव्यांची जुळणी

म्यूनिकचा फ्लूटवादक थिओबाल्ड बोहम याने १८४७ साली सिद्ध केलेल्या फ्लूटमध्ये छिद्रांच्या जागा बोटांच्या सोयीने नव्हे, तर ध्वनिशास्त्राच्या आधारे ठरलेल्या आहेत. साहजिकच छिद्रे बोटांहून अधिक झाली आणि एका चावीकडून दोन छिद्रे मिटविण्याची योजना करावी लागली. उजव्या हाताची तर्जनी, मध्यमा वा अनामिका दाबली असता तिच्या स्वतःच्या छिद्राबरोबर, वरच्या अंगास असलेले व कोणत्याही बोटाच्या वाट्यास न आलेले एक छिद्रही मिटते. दुरुस्तीची खरी मेख येथेच आहे. मंद्र स्वर फुटू लागला की दोष सर्वांत खालच्या चावीतील नमद्याच्या गादीला दिला जातो. वस्तुतः त्या स्वरासाठी वरची छिद्रेही पूर्ण मिटावी लागतात, व हवा पुष्कळदा या जोडछिद्रातूनच निसटते. वादक मग बोटे अधिक जोराने दाबतो. त्याने गादी चेपते आणि हातही अवघडतो.

परीक्षेस सिगारेटच्या कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या पुरतात. दोन्ही गाद्यांखाली एकेक पट्टी ठेवून चावी हलकेच दाबावी व पट्ट्या ओढून पाहाव्यात. दोन्ही सारख्याच अडल्या पाहिजेत. जोडछिद्राची पट्टी सैल सुटल्यास त्या चावीचा स्क्रू किंचित आवळावा, बोटाखालची सुटल्यास तो सैल करावा. मात्र गादीच सपाट बसत नसेल, तर स्क्रूला हात लावण्यापूर्वी तिच्या पाठीशी कागदाच्या चकत्या घालून ती समतल करून घ्यावी.