गियर डाऊन म्हणालो, पण केलंच नव्हतं: फ्लाइंग ट्रेनिंग आणि मॅरेथॉन एकत्र जमतं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा बसमध्ये बसून वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना शंभरदा आलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितकं कमी केलंय. शक्य तितकंच.

झालं असं की नाशिकच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वय २२. एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचच्या मेरिट लिस्टमध्ये नाव आलंय, आता जॉइनिंग लेटरची वाट बघतोय. आणि त्याच वेळी गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची तयारी चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं, सगळं एका दिवसात. त्याचा प्रश्न साधा होता. "दादा, अकॅडमीत गेल्यावर दोन्ही चालू ठेवता येईल का? पहाटे चारला उठायची माझी तयारी आहे."

हे 'पहाटे चारला उठायची तयारी' ऐकलं आणि मला हसू आलं. कारण २०१० साली मी हेच म्हणायचो.

मी मूळचा साताऱ्याचा. शॉर्ट सर्व्हिसमधून गेलो, हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत शिकलो, पुढे हेलिकॉप्टरवर गेलो आणि नोकरीची मुदत संपल्यावर बाहेर पडलो. आजची मुलं तिथे पिलॅटस पीसी-७ मार्क २ वर सुरुवात करतात, ते विमान २०१३ मध्ये आलं. आमच्या वेळी आधीचं एचपीटी-३२ २००९ मध्ये जमिनीवर बसवलं होतं, त्यामुळे आम्ही आयुष्यातलं पहिलं शिकाऊ उड्डाण थेट किरण या जेटवर केलं. किरणमध्ये शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतात. इन्स्ट्रक्टरचा खांदा तुमच्या खांद्याजवळ. लपवायला काही जागा नाही.

मी मुंबई मॅरेथॉनला नाव नोंदवलं होतं, जानेवारी २०११ ची. पूर्ण, ४२.१९५. आई-बाबा एसटीने साताऱ्याहून बघायला येणार होते. माझा हिशेब असा: अकॅडमीत पीटी आहे, परेड आहे, संध्याकाळी गेम्स आहेत, म्हणजे अर्धी तयारी फुकटच झाली. उरलेली मी पहाटे आणि रविवारी करीन. आठवड्याला ६५ किलोमीटर.

चूक इथेच होती, आणि ती वेळेच्या हिशेबाची नव्हती. वेळ मला खरंच मिळत होता.

एक फ्लाइंगचा दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी हवामानाचं ब्रीफिंग. मग कुणालाही उभं करून विचारतात, अमुक उंचीवर इंजिन बंद पडलं तर काय करशील, बोल. त्यानंतर तुमची सॉर्टी. खाली उतरल्यावर डीब्रीफिंग, ज्यात तुम्ही विसरलेल्या गोष्टीही इन्स्ट्रक्टरला आठवत असतात. दुपारी वर्ग. रात्री चेअर फ्लाइंग: खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि उद्याची पूर्ण सॉर्टी हात हलवत तोंडाने म्हणायची. कुठलं बटण, कुठला वेग, रेडिओवर कुठलं वाक्य. बाहेरून बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटेल. आणि मग झोप. ही झोप म्हणजे आराम नाही, ती ट्रेनिंगचाच भाग आहे. दिवसा हाताने जे केलं ते झोपेत मेंदूत बसतं. मी त्या झोपेतून रोज दीड तास काढून धावायला देत होतो आणि स्वतःला शिस्तीचा समजत होतो.

नोव्हेंबरचा एक रविवार. कॅम्पच्या आतल्या रस्त्यांवर २८ किलोमीटर धावलो. छान झालं. संध्याकाळी पाय जड, रात्री झोप तुटक. लांब धावल्यावर कधी कधी शरीर इतकं तापलेलं असतं की झोपच लागत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. सोमवारी सकाळी सर्किट अँड लँडिंग. धावपट्टीभोवती आयताकृती चक्कर मारायची, उतरायचं, लगेच पुन्हा उडायचं. एकट्याने उडणं म्हणजे सोलो माझं आधीच झालं होतं. मंगळवारी पुन्हा एकट्याला सोडणार होते.

चौथ्या की पाचव्या चकरेला डाऊनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, मी नेहमीचे चेक्स म्हटले. त्यात एक वाक्य असतं: अंडरकॅरेज डाऊन, थ्री ग्रीन्स. चाकं खाली, तिन्ही हिरवे दिवे लागलेत. मी ते म्हटलं. स्पष्ट आवाजात, योग्य जागी.

चाकं खाली नव्हती. लिव्हरला मी हातच लावला नव्हता. दिवेही लागलेले नव्हते. मी तिकडे पाहिलं होतं, आणि मला जे दिसायला हवं होतं ते 'दिसलं' होतं.

सर काही बोलले नाहीत. पुढच्या वळणापर्यंत थांबले. मग नुसतं बोट दिव्यांकडे नेलं.

खाली उतरल्यावर मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांनी आवाजही चढवला नाही. विचारलं, "काल रात्री किती झोपलास?" मी म्हटलं, "सर, साडेपाच तास." मग, "काल किती धावलास?" मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि इंग्रजीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा: उद्या माझं बोट तिथे नसतं.

आता हे खरं आहे की त्यावरही जाळी असतात. धावपट्टीच्या तोंडाशी रनवे कंट्रोलर येणाऱ्या प्रत्येक विमानाची चाकं बघत असतो, चाकं दिसली नाहीत तर उतरू देत नाही. पण त्या जाळीवर भरवसा ठेवून कुणी उडत नाही. माझी सोलो रद्द झाली, जादा सॉर्टीज मिळाल्या आणि त्यानंतर प्रोग्रेस चेक. त्यात नापास होणाऱ्याचं फ्लाइंग कायमचं बंद होऊ शकतं. 'सस्पेंड' म्हणतात त्याला. सामान बांधून दुसऱ्या शाखेत जा, नाहीतर घरी. ते दहा दिवस मी घरी फोन केला की फक्त "जेवलो, मजेत आहे" एवढंच सांगायचो.

आता थोडं शरीराचं बोलू, कारण तो नाशिककर म्हणेल, "दादा, मी आठ तास झोपीन, मग तर चालेल?"

लूप मारताना साधारण चार जी येतो. सत्तर किलोचा माणूस त्या क्षणी दोनशे ऐंशी किलोचा होतो, आणि त्याचं रक्तही. हृदयापासून मेंदूपर्यंत साधारण ३० सेंटीमीटर अंतर. तेवढं रक्त वर चढवायला दर एका जीमागे पाऱ्याचे २२ मिलिमीटर इतका दाब खर्ची पडतो. वरचं बीपी १२० धरा. चार जीला ८८ वाटेतच गेले, डोक्याला पोहोचले ३२. डोळ्याच्या आत मुळातच १० ते २० चा दाब असतो, त्यामुळे आधी तिथलं रक्त अडतं. म्हणून बेशुद्ध पडण्याआधी नजर जाते: रंग उडतात, कडा काळ्या होतात, बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं. हे टाळायला पोटऱ्या, मांड्या, पोट घट्ट आवळायचं आणि श्वास कोंडून दर तीन सेकंदांनी झटकन बदलायचा. ही ताकदीची मेहनत आहे. कुस्तीगिराच्या जवळची, मॅरेथॉनवाल्याच्या नाही.

वर लांब पल्ल्याच्या धावपटूची नाडी सावकाश चालते. माझी सकाळी ४८ असायची आणि मी ती सगळ्यांना अभिमानाने सांगायचो. अचानक जी आला की हृदयाने ठोके वाढवून दाब सावरायचा असतो, आणि त्याला काही सेकंद लागतात. मंद नाडीमुळे इथे खरंच तोटा होतो का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण दोन गोष्टींवर वाद नाही. मांड्या आणि पोट मजबूत हवं, आणि अंगात पाणी कमी असेल तर जी सोसण्याची ताकद घटते. हैदराबादच्या उन्हाळ्यात सकाळी दहा किलोमीटर धावून, घाम गाळून, मग तापलेल्या कॉकपिटमध्ये बसणारा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेत असतो.

दुसरं म्हणजे सर्दी. हसू नका. बाहेर साधी सर्दी म्हणजे वाफ घ्या आणि ऑफिसला जा. विमान खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि नाकामागून कानात हवा जायला हवी. नाक चोंदलेलं असेल तर ती जात नाही, पडदा आत ओढला जातो आणि जी कळ येते ती मी एकदा अनुभवली आहे, पुन्हा नको. म्हणून सर्दी असेल तर उडायचं नाही. माझं लांब धावणं वाढलं की मला हटकून सर्दी धरायची. ट्रायथलॉनवाल्यांना तर पोहण्याने कानाचं इन्फेक्शन हा वेगळा प्रसाद. आणि मेडिकलमधून गोळी आणून गुपचूप घ्यायची सोय नाही. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांनी झोप येते. गुडघ्यासाठीची वेदनाशामक गोळीसुद्धा अकॅडमीच्या डॉक्टरला विचारूनच.

नडगीच्या हाडाचं तर बोलायलाच नको. परेडचे बूट, पीटी आणि त्यावर तुमचे ६५ किलोमीटर. बारीक फ्रॅक्चर झालं की सहा-आठ आठवडे गेले, आणि तुमची तुकडी पुढे निघून जाते. 'रेलिगेट' होणं म्हणजे धाकट्यांच्या कोर्सबरोबर पुन्हा बसणं.

मग मी धावणं सोडलं का? नाही. सोडलं असतं तर डोकं फिरलं असतं, ते धावणंच मला शांत ठेवायचं. आठवड्याला तीन वेळा केलं. दोनदा पाच-सहा किलोमीटर, इतकं सावकाश की बोलता यावं. आणि मी खरंच बोलायचो, धावता धावता चेक्स म्हणायचो. प्रत्येक वाक्याला थांबून मनात त्या दिव्याकडे 'बघायचो'. तिसरं जरा लांब, बारापर्यंत, पण शनिवारी दुपारी. म्हणजे सोमवारच्या सॉर्टीआधी दोन रात्री मिळतात. रविवारी काही नाही. आठवड्यातून दोनदा जिममध्ये स्क्वॉट्स. पहाटेचं धावणं पूर्ण बंद. महिन्याभरात माझा दहा किलोमीटरचा वेळ चार मिनिटांनी घसरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण प्रोग्रेस चेक पास झालो.

मुंबईला गेलो नाही. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं, एवढ्या थंडीत पहाटे कोण उठणार." आईने नंतर सांगितलं की त्यांनी त्यासाठी नवीन स्वेटर घेतला होता. पुढे युनिटमध्ये दिवसाला काही लय आल्यावर, २०१४ मध्ये, मी मुंबई धावलो. चार तास नऊ मिनिटं. बाबा तोच स्वेटर घालून उभे होते, आणि पहिल्या तासातच उकडून काढून ठेवला म्हणे.

तर नाशिकच्या मित्रा. गोव्याची रेस जॉइनिंगच्या आधी येत असेल आणि मध्ये किमान महिनाभर मोकळा मिळत असेल, तर बिनधास्त कर. तारखा जवळ आल्या तर रेस सोड, एन्ट्री फीचं दुःख पंधरा दिवसांत जातं. अकॅडमीतल्या पहिल्या महिन्यांत स्वतःचं काहीच जादा करू नकोस, तिथली पीटी पुरून उरते. फ्लाइंग सुरू झाल्यावर मी सांगितलं तेवढंच, आणि रोज सकाळी स्वतःला विचार: काल झोपलो का, काही गोळी घेतलीये का, नाक मोकळं आहे का. एकाचंही उत्तर गडबड असेल तर इन्स्ट्रक्टरला सांग. सांगायला लाज वाटेल. तरी सांग.

आणि सायकल विकू नकोस. भारीची आहे असं म्हणालास. कापड टाकून घरात ठेव, आणि महिन्यातून एकदा टायरमध्ये हवा भरायचं काम धाकट्या भावाला दे.