कोर्स संपला, आता बॅच सांभाळा!

फिटनेस ट्रेनरचा कोर्स संपला की बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय उरतं? फक्त गुड मॉर्निंग! इथेच आपण चुकतो. समजा, तुमच्याकडे पर्सनल ट्रेनिंगचे सहा क्लायंट आहेत आणि तुम्ही तापाने आडवे झालात. आठ दिवस कमाई बंद, वर क्लायंट तुटायची भीती. अशा वेळी तुमची बॅच सांभाळून घेईल तो बॅचमेटच. मात्र फी कोणाची, क्लायंट कोणाचा, हे आधीच बोलून ठेवा. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचं सर्टिफिकेट दर 2 वर्षांनी रिन्यू करायला 20 तासांचं पुढचं शिक्षण लागतं. तो अभ्यासही मिळून करा. आज एकच काम: दोन बॅचमेटना फोन लावा. मेसेज नको, फोनच!