पत्ता वाचणाऱ्या मॅडम

चाकण एमआयडीसीत महाळुंगेच्या एका प्रेस शॉपमधल्या अकाउंट्सच्या मॅडम मेल नंतर वाचतात, आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतात, असं कानावर आलं म्हणून गेलो. खाली प्रेसची धडधड, वर केबिनपर्यंत पोचलेला ऑइलचा वास, टेबलावर पीओच्या, म्हणजे परचेस ऑर्डरच्या फायली. बिलं, टॅलीतल्या नोंदी उरकून त्यांनी इनबॉक्स उघडला.

तैवानच्या मशीन सप्लायरचा मेल. खाली जुना सगळा पत्रव्यवहार जोडलेला, इन्व्हॉइस नंबर बरोबर, रक्कमही बरोबर. फक्त ‘ऑडिटमुळे आमचं खातं बंद आहे, बाकी पेमेंट नव्या खात्यात करावं.’ मॅडमनी पत्त्यावर पेन्सिलचं टोक ठेवलं आणि एकेक अक्षर पुढे सरकल्या. कंपनीच्या नावात ‘एम’ हवा तिथे ‘आर’ आणि ‘एन’ अंग चोरून बसले होते. दाखवल्यावरही मला एमच दिसत होता.

असला मेल अंदाजपंचे येत नाही. बहुतेकदा आधी कुणीतरी खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकलेला असतो. चोर मेलबॉक्समध्ये शिरतो, गुपचूप सगळा व्यवहार वाचतो आणि पेमेंटच्या वेळीच तोंड उघडतो.

“सीरमचं आठवतंय ना? एक कोटी एक लाख!” मॅडम म्हणाल्या. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये सीईओ अदर पूनावालांच्या नावाने व्हॉट्सॲप मेसेज आले आणि एवढी रक्कम भामट्यांच्या खात्यांत गेली. “साहेबांच्या नावाने अर्जंट आलं की उलट विचारणार कोण? एक कोटी एक लाख!”

इथल्या मालकाने भिंतीवर ‘सावध राहा’चं पोस्टर लावलंय. ‘पेमेंट आजच गेलं पाहिजे’ हा फोनही त्याचाच. चूक झाली तर नाव मात्र मॅडमचं. मला हे पोस्टर फसवं वाटतं.

मॅडमनी मेलला उत्तर दिलं नाही. जुन्या पीओवरचा नंबर काढून थेट तैवानला फोन लावला. खातं बदललेलंच नव्हतं. दोन्हीकडचे पासवर्ड बदलायचं ठरलं.

मालकलोकहो, खातेबदल जुन्या नंबरवर फोन करून पक्का होईपर्यंत पेमेंट रोखण्याचा अधिकार अकाउंट्सला लेखी द्या. पैसे गेलेच तर मालक कुणाला झापतोय याची वाट न बघता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला लगेच कळवा.