सदिर ते भरतनाट्यम्

नृत्याच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले की आपण भरतमुनींपासून आरंभ करतो आणि तडक आजच्या रंगमंचावर येऊन उभे राहतो. मधल्या काळात नाचले कोण, हा प्रश्न बहुधा राहून जातो. भरतनाट्यम् या एका नृत्यापुरता तरी तो येथे विचारून पाहू.

नाट्यशास्त्रात १०८ करणे सांगितली आहेत. करण म्हणजे हातापायांची एकत्र जुळलेली हालचाल. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात त्यांपैकी ८१ दगडात कोरलेली आहेत. उरलेल्या जागा कोऱ्याच राहिल्या. याच मंदिराच्या भिंतीवर राजराज चोळाने आणखी एक गोष्ट कोरवून घेतली : देवाच्या सेवेसाठी गावोगावच्या देवळांतून आणलेल्या सुमारे ४०० स्त्रियांची नावे, त्यांची घरे आणि प्रत्येकीच्या धान्याचा वाटा. शिल्पांची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिलेली असतात. ही यादी फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांची गादी आली. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबाराशी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांचे नाव जोडलेले आहे. आज आपण पाहतो तो अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा क्रम या चौघांनी लावला असे मानतात. अलारिप्पूत अंग मोकळे होते, पुढे स्वर येतात, मग शब्द. आणि वर्णम्‌मध्ये शुद्ध नृत्त व अभिनय आळीपाळीने येऊन नर्तकीचा खरा कस लागतो. या दरबारी नृत्यासाठी मराठीतही रचना झाल्या, हे आपल्याकडे सहसा सांगितले जात नाही. सारांश, ज्या कार्यक्रमाला आपण दोन हजार वर्षांचा म्हणतो, त्याची मांडणी अवघी दोनशे वर्षांची आहे.

तेव्हा या नृत्याचे नाव होते सदिर. १८५५ साली तंजावरची गादी खालसा होण्याच्या वाटेला लागली, आश्रय आटला आणि नर्तकींवर लोकापवाद आला. मुली देवाला वाहण्याची चाल बंद करण्यासाठी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या कायदेमंडळात झुंज दिली. १९४७ साली तसा कायदा झाला. ती सुधारणा हवीच होती. पण चाल आणि कला यांतला भेद समाजाने केला नाही. इ. कृष्ण अय्यर या वकिलाने मात्र तो केला व स्वतः स्त्रीवेष घेऊन हे नृत्य लोकांपुढे मांडले. १९३० नंतरच्या दशकात ‘भरतनाट्यम्’ हे नाव रूढ झाले, आणि १९३६ साली रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र उभारले.

रुक्मिणीदेवींनी शृंगार सौम्य केला. देवदासी परंपरेतल्या बालसरस्वतींना ते मुळीच मान्य नव्हते. शृंगार हाच या नृत्याचा प्राण, असे त्या म्हणत. माझा कौल बालसरस्वतींकडे आहे. गंमत अशी की, दोघींनाही अभिनयाचे धडे दिले ते मैलापूरच्या गौरी अम्मांनी, आणि त्या स्वतः देवळात सेवा केलेल्या नर्तकी होत्या.

बालसरस्वतींना १९७७ साली पद्मविभूषण मिळाले. त्यांच्यासारख्या अनेक घराण्यांतल्या आई-आज्यांनी मात्र आपल्या मुलींना पुढे नाच शिकवलाच नाही.